सात-चौसष्टचा सल्ला

कास्पर लाइटगेबच्या दुकानात बंदूक घ्यायला आलेला माणूस पुष्कळदा बंदूक न घेताच परत जायचा, आणि तरी खूश असायचा. गिऱ्हाईकाने एखादी चकचकीत रायफल भिंतीवरून काढून खांद्याला लावली की कास्पर रायफलीकडे बघायचाच नाही. तो बघायचा त्या माणसाच्या मानेकडे, दंडाकडे, चष्म्याकडे. मग म्हणायचा, "ही तुझ्यासाठी नाही रे. घरी आहे तीच आण, दस्ता बोटभर कापून देतो." अशाने दुकान बसेल, असं त्याची बायको इर्मी लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. दुकान मात्र बसलं नाही. मूर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या त्या आल्टबाख गावात लोक डॉक्टरचं अर्धंच ऐकायचे, पाद्र्याचं ऐकून विसरायचे, पण बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या भोकाचं माप, कास्परने सांगितला तोच. त्यावर पुन्हा चर्चा नाही.

चर्चा व्हायची ती तो नसताना. रविवारी चर्च सुटलं की शिकारी मंडळी खानावळीतल्या कोपऱ्यातल्या टेबलाला चिकटायची आणि बियरचा पहिला पेला संपायच्या आत विषय रेहवर यायचा. रेह म्हणजे तिथलं छोटं हरीण, आपल्या भेकराहून जरासं उंच आणि अंगाने तसंच नाजूक. एवढ्याशा जनावराला कुठली गोळी घालावी यावर ती पन्नाशी-साठीतली माणसं शाळकरी पोरांसारखी भांडायची. छोट्या बोअरवाल्यांचं म्हणणं, हलकी गोळी मांस नासत नाही, खांद्याला धक्का देत नाही, त्यामुळे हात शांत राहतो. मोठ्या बोअरवाल्यांचं म्हणणं, जड गोळी आरपार जाते, रक्ताचा माग ठेवते आणि नेम जरा चुकला तरी जनावर जागीच बसतं. दोन्ही बाजूंचं बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. कास्पर कधी त्या टेबलाला आलाच, तर दोघांचं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "हरणाला सगळ्याच गोळ्या पुरतात. प्रश्न खांद्याचा आहे. आधी खांदा बघा, मग बोअर बघा." मंडळी माना डोलवायची आणि तो गेला की पुन्हा भांडायला लागायची.

असा हा माणूस. साठी ओलांडलेला, पोटाने सुटलेला, तेलाने काळवंडलेल्या बोटांचा. खोऱ्यात जखमी जनावराचा माग काढणारी एकच कुत्री होती, बिर्का, आणि ती त्याची होती. कुणाची गोळी वाईट लागली की लोक वेळीअवेळी त्याला बोलवायचे. तो जायचा, आणि कोणाचा नेम कसा चुकला हे गावात येऊन कधी सांगायचा नाही. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता तो उगाच नव्हता. आयुष्यभर एकेक दिवस घालून त्याने तो जमवला होता, आणि मग एका सकाळी, दुकानाच्या गल्ल्याशी उभा राहून, दोन शब्दांत घालवला.

त्याचं कारण होतं बापाच्या हातची एक रायफल.

म्हातारा लाइटगेबही बंदुका बनवणाराच. त्याने बनवलेल्या बहुतेक रायफली दूरदूरच्या श्रीमंतांकडे गेल्या. शेवटची मात्र गावातच राहिली. ती त्याने लाम्बर्टसाठी केली होती. लाम्बर्ट म्हणजे पलीकडच्या उतारावर गाई पाळणारा, कास्परचा शाळेपासूनचा दोस्त. मोडून उघडायची, एका नळीची, पिसासारखी हलकी रायफल. बोअर पाच-सहा, म्हणजे छोट्यांतला छोटा, खास रेहसाठी. बाजूच्या पत्र्यावर म्हाताऱ्याने चरणारी एक रेह मादी कोरली होती. तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले होते, तरी त्या मादीच्या कानावरची लवसुद्धा दिसते. कास्पर तेव्हा बापाच्या हाताखाली काम करत होता, पण त्या रायफलीला बापाने त्याला कानससुद्धा लावू दिली नव्हती. हे त्याला फार लागलं होतं. बाप गेला, दुकानात त्याच्या हातचं काहीच उरलं नाही, आणि ते लागणं हळूहळू हव्यासात बदललं. लाम्बर्ट दर वसंतात ती रायफल साफ करायला टाकायचा आणि अर्ध्या दिवसाच्या कामाला कास्पर आठवडा लावायचा. लाम्बर्ट न्यायला आला की हसून म्हणायचा, "काय, झाली का पोटभर भेट?" कास्परही हसायचा. मागायचं धाडस त्याला कधी झालं नाही, आणि लाम्बर्टनेही कधी देऊ केली नाही.

लाम्बर्ट फेब्रुवारीत गेला. आजारपण लांबलं नाही. मागे राहिली त्याची बायको ओटिली, गाई, आणि गावच्या शिकारीच्या रानातला त्याचा हिस्सा. ते रान गावातल्या मोजक्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेलं होतं आणि गोटहार्ड नावाचा लाकूडवाला त्यांचा प्रमुख. नवऱ्याचा हिस्सा बायकोला ठेवता येतो, पण तिच्याकडे शिकारीचा परवाना हवा. सगळ्यांना वाटलं, ओटिली सोडून देईल. तिने छप्पन्नाव्या वर्षी पोरासोरांच्या वर्गात बसून परीक्षा दिली आणि पास झाली. जन्मभर ती लाम्बर्टबरोबर मचाणावर बसली होती, त्याची दुर्बीण धरली होती, थर्मासमधला चहा ओतला होता. बंदूक कधी चालवली नव्हती. पण संध्याकाळी त्या मचाणावर बसलं की लाम्बर्ट शेजारी असल्यासारखं वाटतं, असं ती इर्मीला म्हणाली होती, आणि हे ती फक्त इर्मीलाच म्हणाली होती.

मे महिन्यात ती दोन्ही रायफली घोंगडीत गुंडाळून दुकानात घेऊन आली. एक ती पाच-सहा. दुसरी लाम्बर्टची जड रायफल, डोंगरावरच्या मोठ्या तांबड्या हरणांसाठी घेतलेली. तिचा बोअर सात-चौसष्ट.

"एकट्या बाईला दोन बंदुका कशाला, कास्पर?" ती म्हणाली. "मला मोठं काही मारायचं नाही. आपली पाडसं आणि माद्या, वाटणीला येतील तेवढ्या. एक ठेवते, एक तू कोणाला तरी चांगल्याला दे. कुठली ठेवू तेवढं सांग."

या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या मांजरानेही दिलं असतं. नवखा हात, छोटं हरीण, जवळून झाडायची गोळी. वर दोन वर्षांपूर्वी ओटिली गोठ्याच्या माळ्यावरच्या शिडीवरून पडली होती आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं. त्या खांद्यावर ती पिशवीचा पट्टासुद्धा घेत नसे. कास्परला हे माहीत होतं. हॉस्पिटलमधून तिला घरी आणायला त्याचीच गाडी गेली होती.

त्याने पाच-सहा हातात घेतली, उघडली, नळीतून उजेडाकडे बघितलं. बापाने कोरलेली मादी अंगठ्याखाली आली. आणि तो म्हणाला, "सात-चौसष्ट ठेव."

मग त्याने कारणं दिली, आणि ती तोंडपाठ असल्यासारखी भराभर आली. "हलक्या गोळीला नेम तंतोतंत लागतो, ओटिली. तू नवखी. जरा इकडेतिकडे झालं तर जनावर जखमी होऊन पळेल, आणि रक्ताचा थेंब पडायचा नाही. मग शोधायचं कुठे? जड गोळी माणसाची चूक पोटात घालते." यातलं एकेक वाक्य खरं होतं. खानावळीतल्या अर्ध्या टेबलाने त्याखाली सही केली असती. खोटं होतं ते इतकंच, की कास्परचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता.

ओटिलीने नकळत खांद्यावरून हात फिरवला. "धक्का फार बसतो का रे?"

"सवय होते," कास्पर म्हणाला.

आणि ही पाच-सहा मीच घेतो, असंही तो लगेच म्हणाला. पैशात त्याने तिला फसवलं नाही. बाहेरच्या व्यापाऱ्याने दिले असते त्याहून चार नोटा जास्तच दिल्या. स्वतःला स्वच्छ वाटावं म्हणून दिल्या, आणि त्या दिवशी थोडा वेळ तसं वाटलंही.

जूनमध्ये ती चांदमारीवर सरावाला आली, तेव्हा तो तिथे होताच. पहिली गोळी ठीक लागली. दुसऱ्या गोळीच्या आधी तिचे डोळे मिटले. चाप ओढण्याआधीच मिटले, ओठ दाबले गेले आणि नळी खाली झुकली. शरीर मारातून शहाणं होतं, त्याला समजवावं लागत नाही. असं काही दिसलं की कास्पर एक हमखास युक्ती करायचा. माणसाला न सांगता बंदुकीत रिकामं काडतूस घालायचा. बार होत नाही, नळी मात्र दचकून खाली जाते, आणि माणसाला आपली भीती आपल्याच डोळ्यांनी दिसते. मग तो बोअर बदलून द्यायचा. त्या दिवशी तसलं काडतूस त्याच्या खिशात होतं. ते त्याने काढलं नाही. "जमेल," तो म्हणाला, "जवळून मारायचंय, जमेल." ओटिली खांदा चोळत हसली आणि मनापासून थँक्यू म्हणाली.

उन्हाळाभर पाच-सहा कास्परच्या झोपायच्या खोलीतल्या कपाटात राहिली. तो ती रोज काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. ओटिलीला झेपत नव्हती म्हणून घेतली, असं त्याने इर्मीला सांगितलं होतं. जड रायफल झेपते आणि हलकी झेपत नाही, ही कुठली तऱ्हा, असं इर्मीने विचारलं नाही. ती फक्त एवढंच म्हणाली, "रोज पुसतोस, चालवत एकदाही नाहीस. चोरून ठेवलेल्या बाईसारखी वागवतोयस तिला." कास्पर तिच्यावर खेकसला. एरवी तो खेकसणारा माणूस नव्हता.

ऑक्टोबरात, दिवस मावळताना, भिंतीवरचा फोन वाजला. ओटिली होती. आवाज अगदी सपाट होता.

"कास्पर, मी पाडसावर गोळी झाडली. ते पडलं नाही. आईच्या मागे झाडीत गेलं."

आईआधी पाडसाला मारायचं, असा तिकडचा नियम आहे. आधी आई मेली तर पाडस थंडीत कुत्र्याच्या मौतीने मरतं, म्हणून. ओटिलीने नियम पाळला होता. कास्परने तिला सांगितलं, आता मागे जाऊ नकोस, त्याला कुठेतरी बसू दे, पहाटे येतो. हेही नियमाला धरूनच होतं. जखमी जनावराला लगेच हुसकावलं तर ते मैलोगणती पळतं. फोन ठेवून त्याने बिर्काचा लांब पट्टा काढून दाराशी ठेवला.

उजाडताना ते तिघे गोळी लागली त्या जागी पोचले, तो, ओटिली आणि बिर्का. गवतावर दव होतं आणि दवात काळपट रक्त, त्यात चावलेल्या गवताचा हिरवा अंश. पोटात लागली होती. नेम छातीवर धरलेला, गोळी मागे आणि खाली गेलेली. कास्परला पुढचं काही बघायची गरज नव्हती. चाप ओढण्याआधी झुकलेली नळी त्याला त्या गवतात स्पष्ट दिसत होती.

"मी डोळे मिटले असणार," ओटिली म्हणाली. "माझं मलाच कळलं नाही. लाम्बर्ट कधी डोळे मिटत नसे."

इथे बोलता आलं असतं. कास्परने वाकून बिर्काला लांब पट्टा लावला.

कुत्री नाक खाली घालून ओढत निघाली. ओढा ओलांडला, चढ चढला, आणि फरच्या, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी झाडांच्या, दाट रोपांत ती थांबली. आधी आई उठली. ती पळाली, पण फार लांब नाही. झाडांच्या पलीकडे उभी राहून बघत राहिली. पाडस तिथेच होतं. रात्रभर जिवंत होतं. त्यांना बघून त्याने मान उचलली आणि उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठले नाहीत. कास्परने आपली जुनी आखूड बंदूक काढली आणि त्याला सोडवलं. ओटिलीने मान फिरवली नाही. सगळं बघायचं असं ठरवून आल्यासारखी ती उभी होती. मान कास्परने फिरवली.

त्यानंतर तिने लाम्बर्ट करायचा ते सगळं केलं. फरची एक डहाळी मोडून पाडसाच्या तोंडात दिली, शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी मोडली, तिचे दोन तुकडे केले, एक पाडसाच्या जखमेवर ठेवला आणि दुसरा आपल्या टोपीवर ठेवून टोपी कास्परसमोर धरली. माग काढून देणाऱ्याला शिकाऱ्याने हा मान द्यायचा असतो. त्याने तो आपल्या टोपीला खोवायचा आणि त्यातली काडी कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायची. "तुझे उपकार, कास्पर," ती म्हणाली. "तू नसतास तर ते अजून तसंच पडून असतं."

ही डहाळी घ्यायची नाही म्हणजे शिकाऱ्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. त्याने घेतली. टोपीला खोवली. आयुष्यात त्याने अशा कितीतरी डहाळ्या मिरवल्या होत्या आणि प्रत्येक वेळी छाती थोडी फुगली होती. आज त्याला वाटलं, आपण मेलेल्या पोराच्या घरात जाऊन दक्षिणा घेतोय. घरी पोचायच्या आधी त्याने टोपी काढून कोटाच्या आत दडवली.

उतरताना पाडस पाठीवर घेतलेली ओटिली मध्येच थांबली. येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर, शिकारीवाल्यांची बैठक होती. त्यात गोटहार्डला सांगून हिस्सा सोडून देते, असं ती म्हणाली. "माझा हात त्यातला नाही. लाम्बर्टच्या मचाणावर बसून लाम्बर्टला खाली बघायला लावणार नाही मी." कास्परने काहीतरी पुटपुटून तिला थोपवायचा प्रयत्न केला. तिने ऐकलं नाही. हिस्सा एकदा गेला की गेला. ग्राझ शहरातला कोणी दातांचा डॉक्टर त्यासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

ते दिवस कास्परने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. दुकानात एक तरुण शेतकरी रेहसाठी कुठला बोअर घेऊ विचारायला आला, तर कास्पर म्हणाला, "तुझं तू बघ बाबा." तो बिचारा इतका घाबरला की बाहेर जाऊन त्याने इर्मीला विचारलं, धनी आजारी आहेत का. कास्पर गप्प राहिला तर काय होणार, हे उघड होतं. काहीच होणार नव्हतं. पाच-सहा त्याच्या कपाटात राहणार, गावात त्याचं नाव राहणार, आणि ओटिली जन्मभर समजणार की पाडस तिच्या नालायक हाताने तडफडलं. नवरा गेलाच होता. नवऱ्याच्या शेजारी बसायची जागा उरली होती, तीही ती आपल्या हाताने देऊन टाकणार. आणि वर कास्परचे उपकार मानणार. हे उपकारच त्याला सहन होईनात. तिने शिव्या दिल्या असत्या तर तो कदाचित गप्प बसू शकला असता.

रविवारी चर्च सुटायची घंटा व्हायच्या आधी तो पाच-सहा घेऊन तिच्याकडे गेला. ती बैठकीसाठी तयार होऊनच बसली होती, चांगला पोशाख, केस घट्ट बांधलेले. तिने कॉफी ओतली, मनुकांचा केक कापला. रायफलीच्या पिशवीकडे बघितलं, पण विचारलं काही नाही.

कास्परने आधी अर्धंच सांगितलं. माणूस तसंच करतो. तो म्हणाला, दोष तुझ्या हाताचा नाही, रायफलीचा आहे. सात-चौसष्ट तुझ्या खांद्याला जड. माझा सल्ला चुकला. ही पाच-सहा परत घे आणि हिस्सा सोडू नकोस.

ओटिली त्याच्याकडे बघून इतकं मायेने हसली की त्याला तिथून पळून जावंसं वाटलं. "तू असाच आहेस," ती म्हणाली. "दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेतोस. माझं मन राखायला स्वतःला चुकीचा ठरवू नकोस. बंदुकीत तू चुकत नाहीस, सगळ्या गावाला माहीत आहे." आणि तिने केकचा दुसरा तुकडा त्याच्या बशीत सरकवला.

तो तुकडा बघून कास्परच्या डोळ्यांत पाणी आलं. आता पुरतं बोलणं भागच होतं.

"मी चुकलो नाही, ओटिली. मी खोटं बोललो. मला ही हवी होती. बापाच्या हातची आहे म्हणून. कित्येक वर्षं हवी होती. तू विचारलंस तेव्हा मला खरं माहीत होतं, आणि मी उलटं सांगितलं."

ओटिलीने काटा खाली ठेवला.

"माझ्या खांद्याचं लक्षात होतं तुझ्या?"

"होतं."

"आणि चांदमारीवर? मी डोळे मिटते ते दिसलं होतं?"

"दुसऱ्या गोळीलाच दिसलं."

 चर्च सुटल्याची घंटा झाली आणि थांबली. मग खिडकीबाहेर बघत तिने सांगितलं की ती मादी अजून येते. संध्याकाळी त्या फरच्या रोपांपाशी येऊन उभी राहते, चरत नाही, नुसती उभी राहते. ओटिली दुर्बिणीतून बघते. कास्परने मान खाली घातली. त्याला वाटलं, आता ती आपल्याला जा म्हणेल. ते त्याला चाललं असतं.

"लाम्बर्टने हॉस्पिटलमध्ये मला सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "म्हणाला, शिकलीस तर ठीक, नाहीतर छोटी रायफल कास्परला देऊन टाक. फुकट दे. बापाची आहे, त्याचा जीव आहे तिच्यात. पण शिकलीस तर आधी त्याला विचार, कुठली ठेवू. तो छोटीच ठेव म्हणेल. जीव कितीही अडकलेला असला तरी बंदुकीच्या बाबतीत तो खोटं बोलायचा नाही. आणि पुढे म्हातारी होऊन तू शिकार सोडलीस, की मग ती त्याची." ती थांबली. "म्हणून आले होते मी तुझ्याकडे. मला विचारायची गरज नव्हती रे. छोटी हलकी आहे एवढं मलाही कळतं. तू मोठी म्हणालास, तेव्हा मला वाटलं, मला कळत नाही असं काहीतरी असेल."

कास्परने टेबलाची कड धरली. 

ओटिली उठली, कपाटातून एक पाकीट काढून तिने त्याच्यासमोर ठेवलं. त्याने मे महिन्यात दिलेले पैसे त्यात तसेच होते. तिने त्यांना हातही लावला नव्हता. ते त्याला उचलून खिशात घालावे लागले, आणि ती ते घालून होईपर्यंत बघत राहिली. मग तिने टोपी घातली, पाच-सहाची पिशवी डाव्या खांद्यावर घेतली आणि दार उघडून धरलं.

"आता मी शिकार सोडणार नाही, कास्पर," ती म्हणाली. "बैठकीला उशीर होतोय."

बैठकीत तिने एवढंच सांगितलं की हिस्सा ठेवते आहे. कास्परबद्दल ती अवाक्षर बोलली नाही, तिथेही नाही आणि नंतरही नाही. तो आठवडाभर वाट बघत होता, कोणीतरी टोमणा मारेल, खानावळीत आपण शिरल्यावर टेबल गप्प होईल. तसं काहीच झालं नाही. लोक पूर्वीसारखेच दुकानात आले, पूर्वीसारखंच विचारलं, त्याने सांगितलेलं पूर्वीसारखंच मुकाट्याने ऐकलं. "तू म्हणतोस म्हणजे झालं," असं कोणी म्हटलं की त्याला कोणीतरी कानाखाली ओढल्यासारखं व्हायचं. त्याने इर्मीला सगळं सांगितलं. इर्मी त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, "तिने गावात सांगितलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, नाही?" तो हो म्हणाला.

नोव्हेंबर उजाडला. एका संध्याकाळी कास्पर दुकानाच्या दाराला कडी घालत होता, तेव्हा लाम्बर्टच्या मचाणाकडून एक बार ऐकू आला. बारीक, कोरडा, जड रायफलीचा नव्हे. तो आवाज त्याने इतर कितीही बंदुकांच्या आवाजांतून ओळखला असता. तो कडी हातात धरून तसाच उभा राहिला. दुसरा बार झाला नाही.

तो आत येऊन फोनशेजारी बसला. बिर्काला पट्टा लावून तयार ठेवलं, आखूड बंदूक भिंतीवरून काढली. गोळी वाईट लागली असती तर ओटिलीला त्यालाच बोलवावं लागलं असतं, रागावलेली असली तरी. खोऱ्यात दुसरी कुत्री नव्हती. गोळी नीट लागली असती तर जनावर खाली आणायला, डहाळी मोडून हातात द्यायला ती कोणालाही बोलवू शकत होती. लाम्बर्ट असताना अशा वेळी ते कास्परला बोलवायचे.

इर्मीने स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाच्या फोनची वाट बघतोयस.

"वाजू नये म्हणून बसलोय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. पण तो वाजावा असंही त्याला वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने फोनकडे पाठ केली.

पुरता काळोख पडला तरी फोन वाजला नाही. कास्परने बिर्काचा पट्टा सोडला आणि बंदूक परत भिंतीवर लावली. नेम बरोबर लागला होता. छोट्या रायफलीने तो लागणार, हे त्याला मे महिन्यातच माहीत होतं.